बापानं पाडलेला भाव

तुमसरच्या धान्यबाजारात ‘ए कवडू’ अशी हाक आली की पूर्वी चार माणसं मागे वळायची. एक हमाल, एक बैलगाडीवाला, बपेऱ्याकडून धान घेऊन येणारा एक म्हातारा शेतकरी आणि मी. मग हाक मारणारा वैतागून म्हणायचा, “तुमी नाई जी, तो चष्म्याचा.” आता हाक आली की मी एकटाच वळतो. बाकीचे तिघं गेले आणि नवीन कुणी आलं नाही. यार्डात एवढी पोरं मोटरसायकली उडवत फिरतात, त्यांत एकही कवडू नाही. असणार कसा? आजच्या काळात कोणता बाप शुद्धीवर असताना पोराचं नाव कवडू ठेवील?

माझ्या बापानं ठेवलं.

मी अडत्या आहे. शेतकऱ्याचं धान राइस मिलवाल्याला विकून द्यायचं, मधली अडत घ्यायची आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, हा माझा धंदा. सुरुवात पाठीवर कट्टे, म्हणजे धानाची पोती, वाहून केली. आज स्वतःचं दुकान आहे, गोदाम आहे, पक्कं घर आहे. यातलं काहीही मला कुणी दिलेलं नाही. दिलं ते फक्त नाव, आणि तेही असं. बाकी कुणाचं नाव मी या लिखाणात घेणार नाही. त्यांची नावं चांगली आहेत, माझ्या लिहिण्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही.

आमच्या झाडीपट्टीत ज्यांनी जुनी माणसं पाहिली त्यांना या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. ज्या घरात लेकरं जगत नसत, त्या घरात पुढचं मूल झालं की ते विकून टाकायचे. खरं नाही, विधी म्हणून. मूल सुपात घालायचं, घरामागच्या उकंड्याजवळ, म्हणजे उकिरड्याजवळ, नेऊन ठेवायचं, आणि जिची सगळी लेकरं जगली अशा एखाद्या बाईनं येऊन ते विकत घ्यायचं. एका कवडीत. मग तिनंच ते पुन्हा त्या घरी आणून ठेवायचं, ‘माझं लेकरू आहे, तुमी पाळा’ म्हणून. म्हणजे जो कोणी वरून लेकरं उचलायला येतो त्याला वाटावं की इथं या घरचं काही नाही, आणि असलंच तर कवडीमोलाचं आहे. कवडीला घेतलेला तो कवडू. कचऱ्यावर ठेवलेला तो कचरू. उकंड्यावरचा उकंडा. एकेका गावात यातले तीन-तीन, चार-चार असत.

माझ्याआधी आईची तीन लेकरं गेली होती. चौथा मी. आमचं गाव आंबागडच्या किल्ल्याखाली, दवाखाना म्हणजे तेव्हा तुमसर, आणि तुमसर म्हणजे बैलगाडीत अर्धा दिवस. तेव्हा विकणं आलंच. ते मला समजतं. माझं भांडण विकण्याशी नाही, भावाशी आहे.

आई ही गोष्ट अनेकदा सांगायची आणि सांगताना हसायची. मला विकत घ्यायला आलेली म्हातारी मोठ्या मनाची होती. सुपात डोकावून म्हणाली, “पोट्टा चांगला आहे. दोन कवड्या देते.” तर माझा बाप म्हणाला, “दोन नाई. एकच दे.”

जगात असा विकणारा कुणी पाहिला आहे का? घेणारी स्वतःहून दोन देते म्हणते, आणि हा माणूस स्वतःच्या मालाचा भाव स्वतःच पाडतो! आणि भाव तरी कशात? कवडी कधी काळी बाजारात चालत असेल, आजोबा-पणजोबांच्या आधी. माझा जन्म झाला तेव्हा नवे पैसे आले होते. कवड्या उरल्या होत्या त्या पटावर खेळायला आणि देवीच्या माळेत. म्हणजे जे नाणं बाजारातून कधीचं बाद झालं होतं, त्या नाण्यातसुद्धा मला एकच्या वर किंमत नव्हती.

माझ्यानंतर भाऊ झाला. मी जगलो हे पाहून घराचा जीव थंडावला होता. त्याला कुणी विकलं नाही. त्याला विष्णूच्या हजार नावांतलं एक सुंदर नाव मिळालं, पाच अक्षरांचं, उच्चारताना तोंड भरून येईल असं. तो शिकला, शिक्षक झाला, आता निवृत्त होऊन भंडाऱ्यात राहतो आणि सत्कार स्वीकारतो. माझ्या नावाची गोष्ट निघाली की तो मला समजावतो.

“दादा, कवडी म्हणजे लक्ष्मीचं रूप आहे. देवीच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. तुझं नाव शुभ आहे.”

“मंग असं कर,” मी म्हणतो, “तू माझं घे, मी तुझं घेतो. बदली सौदा. वरून दोन पोते जयश्रीराम तांदूळ देतो.”

हा सौदा त्यानं आजवर केलेला नाही.

या नावानं मला धंदा शिकवला, हे मात्र खरं. हमाल होतो तेव्हा एका व्यापाऱ्यानं सगळ्यांना मजुरी दिली आणि माझ्या हातावर कमी टेकवली. म्हणाला, “तुझी किंमत तर तुझ्या बापानंच ठरवून ठेवली आहे.” सगळे हसले. मी त्याचा एक भरलेला कट्टा उचलून तिथंच खाली सोडला, चिखलात, आणि उभा राहिलो. पूर्ण मजुरी दिल्यावरच हललो. त्या दिवशी दोन गोष्टी पक्क्या केल्या. भाव आधी आपण बोलायचा नाही, समोरच्याला बोलू द्यायचा. आणि एकदा बोललो की उतरायचं नाही. समोरचा उठून गेला तर जाऊ द्यायचा, मागून हाक मारायची नाही. हाक मारली की संपलं. बाजारात म्हणतात, आंबागडचा किल्ला खाली येईल, पण कवडूसेठ येणार नाही. बोलणारे टोमणा म्हणून बोलतात. मला त्यात काही वाईट दिसत नाही.

मुलाची गोष्ट वेगळी. तो नागपुरात नोकरी करतो, कॉम्प्युटरसमोर बसून. आपल्याकडे बापाचं नाव पोराच्या नावाच्या मधोमध बसतं, त्याला इलाज नाही. यानं इलाज शोधला. तो मध्ये नुसता ‘के’ लिहितो. कुणी विचारलं तर शंकराच्या पर्वताचं नाव सांगतो. हे मला त्याच्या लग्नात कळलं, जेव्हा सुनेच्या मामांनी मला मोठ्या आदरानं त्या पर्वताच्या नावानं हाक मारली आणि मी वळलोच नाही. त्यांना वाटलं, गृहस्थ गर्विष्ठ आहेत.

मी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, “काहून रे?”

“बाबा, प्रत्येक वेळी ती पूर्ण गोष्ट सांगत बसू का? लोक हसतात.”

“मले साठ वर्ष हसून राहिले. मी मेलो का?”

“तुम्ही नाही मेलात. समोरचा मरतो, तुमच्या शिव्यांनी.”



आता मूळ गोष्टीकडे येतो. या मुलाला आणि सुनेला पहिली दोन लेकरं राहिली नाहीत. एक पोटातच गेलं, दुसरं जन्मून थोड्या दिवसांनी. तिसरी ही पोरगी. दिवस भरायच्या आधीच आली, नागपूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली. पाहायला गेलो तर नर्सनं काचेबाहेरूनच दाखवली. मी आयुष्यभर वजनकाट्यापुढे बसलेला माणूस, पण इतकं कमी वजन मी कधी पाहिलं नव्हतं. दिवाळीनंतर डॉक्टरांनी घरी सोडलं. नागपुरात दोघांच्या हातून एवढ्याशा जिवाचं होणार नाही म्हणून माझी बायको त्या तिघांनाही तुमसरला घेऊन आली.

नाव त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, मोबाइलवर शोधून. दोन अक्षरी, शेवटी आ. मी अर्थ विचारला. मुलानं मोबाइल पाहिला आणि म्हणाला, सूर्याचा पहिला किरण. सुनेच्या मोबाइलवर होतं, देवाची भेट. मी म्हटलं, एकदा ठरवून घ्या. तेव्हा मुलानं तिसरीकडे पाहिलं, तिथं होतं, समुद्र.

“म्हणजे मालाच्या कट्ट्यावर काय लिहिलंय ते कुणालेच माहीत नाई,” मी म्हणालो.

“अर्थ महत्त्वाचा नसतो बाबा. नाव वेगळं पाहिजे. कुणाचंच नसेल असं.”

दुसऱ्याच दिवशी लसीसाठी पोरीला घेऊन गेलो तर तिथं त्याच नावाच्या दोन पोरी रडत होत्या. नर्सनं हाक मारली की दोन आया उठत. मी मुलाकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये पाहत होता. मला आमचा यार्ड आठवला. एक हाक आणि चार माना. नावं बदलतात, बाजार तोच राहतो. फरक एवढाच की आमचं नाव भीतीनं पसरलं होतं, हे हौसेनं पसरलं आहे. लेकरं मरायची थांबली तसं आमचं नाव संपलं. हे मला त्या लसीच्या रांगेत उभं असताना कळलं, आणि चांगलंच झालं असं वाटलंही. तरी राग गेला नाही. राग हिशेबानं जात नसतो.

आणि त्याच संध्याकाळी बायकोनं विषय काढला.

“आयकलं का? पोरीले विकून टाकू.”

मी जेवत होतो. घास तसाच राहिला.

“काय बोलून राहिली तू?”

“तुमच्या मायबापानं तुमाले विकलं, तुमी वाचले. दोन गेले आपल्या पोराचे. आता तिसरी. मी काई ऐकणार नाई. विकायचं, अन् घरात कवडी म्हणायचं. मोबाइलवालं नाव कागदावर राहू द्या.”

मी ताट सरकवून उठलो. इतका ओरडलो की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. साठ वर्षं मी हे नाव ओढलं, आता माझी नातही ओढणार? नाव ठेवायची वेळ आली की या घराला एकच भाव कसा आठवतो? मुलगा बाहेर आला आणि म्हणाला, आई, ही अंधश्रद्धा आहे, डॉक्टर आहेत ना. म्हणजे पहिल्यांदाच बाप-लेक एका बाजूला होते. बायको फक्त सुनेकडे पाहत राहिली. सून पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. दर थोड्या वेळानं पोरीच्या नाकाखाली बोट धरून श्वास पाहायची तिला सवय लागली होती. तेव्हाही ती तेच करत होती. बोट न काढता म्हणाली, “केल्यानं काही जात नाही ना, मामाजी?”

मी म्हणालो, “विकू. पण नाव नाई. नाव कवडी ठेवलं तर मी या घरात जेवणार नाई.”

बायको म्हणाली, “पहिले विका तर.”

विकायचं म्हणजे कवडी पाहिजे. घेणारीनं आणायची असते, पण आजकाल कवडी असते कुणाकडे? तुमसरात पूजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. पोऱ्यानं काचेखालून एक पिवळट कवडी काढली, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलेली, खाली लाल कापड. भाव सांगितला. मी त्याच्याकडे पाहतच राहिलो.

“एका कवडीचे एवढे?”

“लक्ष्मी कवडी आहे काका. तिजोरीत ठेवायची. बरकत येते.”

“तुह्यी तिजोरी भरली का हिच्यानं? मंग विकून कायले राहिला?”

त्यानंतर अर्धा तास गेला. दुकानाच्या मालकाला आतून बाहेर यावं लागलं. शेवटी मी सांगितलेला भाव त्यानं मान्य केला, वर मी आणखी एक कवडी फुकट घेतली, डबीसकट. दुकानदार म्हणाला, “सेठ, एवढ्या कमी भावात तर आमी जावयालेबी देत नाई.” मी खुशीत घरी आलो. त्या दुसऱ्या कवडीनं पुढे मला घेरलं, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

घेणारी बाई कोण, हे बायकोनं ठरवून टाकलं होतं. आमच्या कोपऱ्यावर सिंगाडे विकणारी. तळ्यातले सिंगाडे हिवाळ्यात, एरवी मासे. तिची सहाच्या सहा लेकरं धडधाकट, म्हणून ती. पण मला हीच बाई मिळावी? तिचं-माझं वर्षानुवर्षांचं भांडण. ती भाव सांगते, मी अर्धा करतो, ती म्हणते, “सेठजी, सिंगाड्याले काटे हाय, पण तुमच्यापरीस कमी.” मी दोन-तीनदा तिच्या टोपलीसमोरून रिकाम्या हातानं निघून गेलो आहे, आणि तिनंही मला कधी मागून हाक मारलेली नाही.

गुरुवारी सकाळी ती आली, टोपली डोक्यावर, बाजाराला जायच्या घाईत. यार्डात धानाचा हंगाम, माझ्याही डोक्यावर गाड्या उभ्या. दोन कवड्या मी आधीच तिच्या हातात ठेवल्या. म्हणजे माझ्याच कवडीनं ती माझीच नात विकत घेणार. या व्यवहारात माझा फायदा कुठे, हे मी अजून शोधतो आहे.

आमच्या पक्क्या घरामागे उकंडा नाही. नगरपालिकेच्या घंटागाडीसाठी दोन डबे आहेत, हिरवा आणि निळा. मुलगा म्हणाला, “आई, ओल्या कचऱ्याजवळ ठेवायची की सुक्या?” बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मोबाइल काढून शूटिंग करायला लागला. बायकोनं सुपात मूठभर कोंडा पसरला, त्यावर जुन्या लुगड्याचं फडकं, त्यावर पोरगी. सूप दोन डब्यांच्या मधोमध जमिनीवर ठेवलं. पोरगी झोपेतच होती. माझी पाळी आली. विकायचं घरच्या कर्त्यानं.

सिंगाडेवालीनं टोपली उतरवली, कमरेवर हात ठेवला. “काय विकून राहिले जी?”

बायको मागून हळूच म्हणाली, “कचरा आहे म्हणा.”

माझ्या तोंडून निघालं, “पोरगी आहे.”

“कशी दिली?”

“तू बोल.”

सवय आहे, काय करणार. भाव आधी आपण बोलायचा नाही.

“एक कवडी.”

“माल पाह्यला का नीट?” मी म्हणालो. “बोटं पाह्य. अशी पकडते का सोडत नाई. नाक पाह्य, आमच्या मायचं आहे. एका कवडीत तर तुह्या टोपलीतला एक सिंगाडा येत नाई, अन् पोरगी मागून राहिली?”

“अवो!” बायको ओरडली. “भाव काहून चढवून राहिले?”

मला खरंच थांबता येत नव्हतं. चाळीस वर्षांत मी कधी माझ्या मालाला वाईट म्हटलेलं नाही. ओलं धान असलं तरी मी म्हणतो, ताजं आहे. आणि हा तर, हा तर माल नव्हताच.

सिंगाडेवालीचे डोळे चमकले. बाजारातली बाई, तिला कळायला काय लागतं. तिनं सुपावरून नजर फिरवली, मान हलवली आणि टोपली उचलली. “महाग माल आहे बाप्पा. आमाले परवडत नाई. ठेवा तुमच्याजवळ.” आणि खरंच चालायला लागली.

ही खेळी माझीच आहे. मी ती हजार वेळा खेळलो आहे आणि हजार वेळा माझ्यावर खेळली गेली आहे. उत्तर ठरलेलं आहे, गप्प राहायचं. गिऱ्हाईक फाटकापर्यंत जातं आणि वळतं. मी गप्प राहिलो. ती फाटकापर्यंत गेली आणि वळली नाही.

बायकोच्या चेहऱ्याचा रंग उतरला. विकायला काढलेलं लेकरू घेणारीनं टाकून जाणं म्हणजे काय, हे मला तिनं सांगायची गरज नव्हती. ज्याला फसवायचं तो वरून पाहत असेल, तर त्यानं आता ऐकलं होतं की या घरात भारी माल आहे. आणि हे त्याला मीच सांगितलं होतं, ओरडून.

“मामाजी,” सून म्हणाली. तिचा आवाज फार लहान होता. “द्या ना.”

मी हाक मारली. आयुष्यात गेलेल्या गिऱ्हाइकाला मागून हाक मारली, ती तेवढी एकदाच.

“ए बाई. थांब.”

ती थांबली, पण वळली नाही. “काहून?”

“खराब माल आहे,” मी म्हणालो. “काई कामाचा नाई. रंगानं काळी आहे. रडते.” पुढचं मला म्हणायचं होतं, वजनात कमी आहे. पण ते खरंच होतं, म्हणून ते तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, “वजनात कमी आहे. घेऊन जा.”

ती परत आली. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तिनं मूठ उघडली. तळहातावर दोन्ही कवड्या होत्या.

“घ्या. दोन देते. सेठची नात आहे.”

तिनं चेष्टा केली नव्हती. तिला वाटलं, या माणसाचं मन राखावं. आणि माझ्या अंगातला सगळा धंदा म्हणाला, घे. समोरचा स्वतःहून वाढवतो आहे, घे. माझा हात पुढे गेलासुद्धा. मग मी सुपाकडे पाहिलं. पोरगी जागी झाली होती आणि निळ्या डब्याकडे बघत होती.

“नाई,” मी म्हणालो. “दोन नाई. एकच दे.”

हे शब्द मी आयुष्यभर आईच्या तोंडून ऐकले होते आणि प्रत्येक वेळी चिडलो होतो. ते बोलायला कसे लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. बाप माझा शेतकरी माणूस, धंदा त्याला येत नव्हता, म्हणून त्यानं भाव पाडला असं मी समजत आलो. तीन लेकरं पुरलेल्या माणसासमोर कुणी चौथ्याचं कौतुक करतं, तेव्हा त्याचं काय होत असेल? त्याच्या कानात ‘दोन’ हा आकडा कसा वाजला असेल? त्यानं घाईनं म्हटलं असेल, हळू बोलला असेल, आजूबाजूला पाहिलं असेल. आईनं ते कधी सांगितलं नाही. ती हसून सांगायची. मुलानं मोबाइल खाली घेतला होता.

सिंगाडेवालीनं एक कवडी माझ्या हातावर ठेवली, दुसरी पदराला बांधली. पोरीला उचललं, फाटकाबाहेर कोपऱ्यापर्यंत गेली, आली, आणि सुनेच्या हातात दिली. “माही पोरगी आहे. तुमच्याकडे पाळायले ठेवते. नीट पाळजा.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अन् नाव काय ठेवलं?”

मुलानं मोबाइलवालं नाव सांगितलं. तिनं दोनदा म्हणून पाहिलं, जीभ वळेना. “मी आपली कवडी म्हणीन,” ती म्हणाली, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. मी तोंड उघडलं होतं. बायको म्हणाली, “बोलू नका. मालकीण ते आहे.”

पोरगी आता बरी आहे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी वजन केलं आणि मान डोलावली. बायको श्रेय कवडीला देते, मुलगा डॉक्टरांना. मी मध्ये पडत नाही. माल काट्यावर भरला की अडत्यानं कारण विचारायचं नसतं. घरात कागदावरचं नाव फक्त मुलगा घेतो, तेही पाहुण्यांसमोर. सून कवडी म्हणते. ठरवल्याप्रमाणे मी घरात जेवण सोडायला हवं होतं. दोन दिवस बाहेर जेवलोही. पण तुमसरच्या खानावळीतला भात खाण्यासारखा नाही, आणि तोही मीच विकलेला.

भावाला ही गोष्ट फोनवर सांगितली. तो म्हणाला, “दादा, मी म्हणत होतो ना, लक्ष्मीचं रूप.” मी फोन ठेवून दिला. त्याला काय कळणार. त्याला कुणी विकलंच नाही. मुलगा अजून ‘के’च लिहितो. त्याचं मी पाहून घेईन.

खरा त्रास कोपऱ्यावर आहे. संध्याकाळी पोरीला खांद्यावर घेऊन निघालो की लांबून हाक येते, “ए कवडे!” मी वळतो, पोरगीही मान वळवते. मग ती बाई टोपलीमागून उठते, हात पुसते, माझ्या खांद्यावरून पोरीला घेते, वजन केल्यासारखी वरखाली करते आणि मला विचारते, “दूध पुरते ना? नीट पाळून राहिले ना जी?” जसं काही मी हमाल आहे आणि माल तिचा आहे.

परवा मी सिंगाडे मागितले. तिनं भाव सांगितला. असा भाव तुमसरात कुणी ऐकला नसेल. मी नेहमीप्रमाणे हसलो, टोपलीतला एक सिंगाडा उचलला, दाबून पाहिला, खाली टाकला आणि म्हणालो, “अर्ध्यात दे.”

ती पोरीचं टोपडं बांधत होती. वर न पाहता म्हणाली, “पोरगी घरी घेऊन जाऊ का माही?”

मी पूर्ण पैसे दिले.